बाळाची बाटली सोडवून फुलपात्राची सवय कशी लावायची

माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना तिच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूनं ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. मला वाटलं दूध सुकलंय. ओल्या कापडानं पुसलं, पण जाईना. दातांच्या डॉक्टरांनी ओठ वर करून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री बाटली तोंडात ठेवून झोपते का?"

झोपायची. रोज. आणि रात्री दोनला उठली की आणखी एक बाटली.

झोपेत तोंडातली लाळ कमी होते. दिवसा लाळ दात धूत राहते, रात्री ते काम जवळजवळ थांबतं, आणि निपलमधून थेंब थेंब येणारं दूध वरच्या दातांमागे साचून राहतं. दुधातल्या साखरेवर तोंडातले जंतू पोसतात, आम्ल तयार होतं, दाताचं कवच झिजतं. पांढरी रेघ ही त्याची सुरुवात असते. तिथं सावध झालं तर बरंच सावरता येतं, रेघ तपकिरी झाली की दात किडायला लागला असं समजायचं. आमचं पांढऱ्यावर लक्षात आलं. डॉक्टरांनी फ्लोराइडचा लेप लावला आणि बाटली बंद करा म्हणून सांगितलं. कशी बंद करायची, ते मात्र आम्हाला घरी येऊन धडपडत शिकावं लागलं. एकदा साफ फसलो, दुसऱ्यांदा सात आठवड्यांत जमलं. तेच इथं क्रमानं लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाटली सोडवणं वेगळं आणि दूध सोडवणं वेगळं. आपल्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकच होऊन बसल्यात. बाळाच्या हट्टापेक्षा "दूध कमी पडेल" ही आपली भीतीच बाटलीला घरात ठेवून घेते.

१. वय बघा, आणि आठवडाही बघा

सहा महिने पूर्ण झाले, बाळ ताठ बसायला लागलं आणि वरचं खाणं सुरू झालं की पेल्याची ओळख करून द्यायला हरकत नाही. या वयात दूध आईचंच, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं. पेल्यात फक्त जेवणाबरोबर दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी. वर्ष झालं की बाटल्या कमी करायला घ्यायच्या आणि अठरा महिन्यांच्या आत पूर्ण बंद करायच्या. जितकं पुढं ढकलाल तितकं मूल हुशार होतं आणि बाटली कुठल्या कपाटात आहे ते त्याला कळायला लागतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं अंगावरचं दूध या लेखात कुठंही बंद करायचं नाही. ते दोन वर्षांपर्यंत आणि हवं तर पुढंही चालू ठेवावं. मी बोलतेय ते फक्त बाटलीबद्दल.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, टाळू दुभंगलेली असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा वजन कमी असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांच्या सल्ल्याशिवाय पुढचं काही करू नका.

आता आठवड्याचं. माझी पहिली फजिती इथंच झाली. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेला सगळं घर वाडी रत्नागिरीला निघालं होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, बाटली घरीच ठेवू, गर्दीत तिचं लक्ष लागेल आणि विसरेल. डोंगरावर ऊन, गुलाल, ढोल, सासनकाठ्या, अनोळखी माणसं. पोरगी बावरली, आणि बावरलेल्या बाळाला हवी असते ती ओळखीची एकच गोष्ट. दुपारी एकपर्यंत ती रडून रडून लाल झाली होती. डोंगर उतरायच्या आधीच मी नवऱ्याला बाटली शोधायला पाठवलं. घरी आल्यावर पुढचे दहा दिवस ती बाटली हातातून खालीसुद्धा ठेवत नव्हती.

म्हणून प्रवास, लग्नकार्य, घर बदलणं, आईचं नोकरीवर परत रुजू होणं, दात येण्याचा त्रास, ताप, यांतलं काहीही असेल तो आठवडा सोडून द्या. लसीची तारीखही बघा. १६ ते २४ महिन्यांमध्ये गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो, त्यानंतर एक-दोन दिवस अंग गरम राहू शकतं. सलग तीन-चार आठवडे घरात शांत असतील असा काळ निवडा. आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली ती एप्रिलच्या शेवटी, पाहुणेरावळे आटोपल्यावर. उन्हाळ्याचा फायदाही झाला. गार पाणी आणि ताक तिला आपणहून हवं असायचं.

२. साहित्य जमवा

• छोटी स्टीलची फुलपात्रं, दोन. साधारण ६० ते १०० मिली मावेल एवढी.
• स्ट्रॉ असलेला एक साधा कप, बाहेर जाताना लागतो.
• तीन-चार लाळेरी आणि एक जुना पंचा.
• मऊ ब्रश आणि लहान मुलांची फ्लोराइड पेस्ट.
• एक वही.
• माता आणि बाल संरक्षण कार्ड. त्यात वजनाचा आलेख असतो, तो या काळात फार उपयोगी पडतो.

फुलपात्र निवडताना घाई करू नका. आमच्या कोल्हापुरात, महाद्वार रोडवर एका भांड्याच्या दुकानात मी दहा-बारा फुलपात्रं काउंटरवर मांडून प्रत्येकाच्या काठावरून अंगठा फिरवला. काही भांड्यांचा काठ नुसताच कापलेला असतो, तो बाळाच्या ओठाला बोचतो. काठ बाहेरच्या बाजूला गोल वळवलेला हवा. तोंड इतपत रुंद हवं की पेला तिरका केल्यावर नाक आत अडकणार नाही. आणि भांडं हलकं पाहिजे, कारण पुढं ते बाळानंच उचलायचंय.

"न सांडणारा कप" म्हणून जो मिळतो, तो घेऊ नका. मी घेतला होता. त्याच्या झाकणात रबराची एक चकती असते, तीमुळं जोरानं ओढल्याशिवाय दूध येत नाही. म्हणजे बाळ पुन्हा बाटलीसारखंच चोखतं, फक्त बाटलीचा आकार बदललेला. शिवाय ती चकती निघते हे मला तीन आठवडे माहीतच नव्हतं. काढून बघितली तेव्हा खाली काळ्या बुरशीचे ठिपके होते. मी सुन्न झाले. रोज त्यातूनच पाजत होते मी तिला.

आपल्याकडे बारशाला चांदीचं बोंडलं द्यायची रीत आहे. चांदीच्या कामाचं गाव हुपरी जवळ असल्यानं कोल्हापुरातल्या घराघरांत चांदीची वाटी, चमचा, बोंडलं सापडतं. बाटली नव्हती तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी पोरं यावरच वाढवली, आणि अगदी तान्ह्या बाळाला ओढता येत नसेल तेव्हा आजही डॉक्टर वाटी-चमचा किंवा बोंडलंच वापरायला सांगतात. बाटलीपेक्षा ते धुवायला सोपं, हा मोठा फायदा. पण वर्षाच्या बाळाला बोंडल्यानं पाजत राहिलं तर ओतणारे आपणच राहतो. या वयात त्याला स्वतः प्यायला शिकवायचंय, म्हणून आम्ही बोंडलं परत कपाटात ठेवलं.

पितळी किंवा तांब्याचा पेला मात्र दुधासाठी नकोच. सासूबाईंनी माळ्यावरून त्यांच्या माहेरचा छोटा पितळी पेला मायेनं काढून आणला होता, त्यावर नावही कोरलेलं होतं. तरी मी नको म्हटलं. पूर्वी आपल्या देशात लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा. पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं आणि ठेवलेलं दूध बाळांना पाजल्यानं पोटात जाणाऱ्या तांब्याशी त्याचा संबंध आहे, हे १९८० च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांच्या संशोधनातून पुढं आलं. घराघरांत स्टीलची भांडी आली तसा तो आजारही जवळजवळ दिसेनासा झाला. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी पेला देवघरात ठेवला.

३. तीन दिवस फक्त लिहून काढा

काहीही बदलायच्या आधी तीन दिवस वहीत लिहा. किती वाजता, किती मिली, आणि त्या आधी काय चाललं होतं. भूक लागली होती, झोप आली होती, की नुसता कंटाळा?

आमच्या पहिल्या दिवसाची नोंद अशी होती. सकाळी उठल्यावर २००, दुपारी झोपताना १८०, रात्री झोपताना २२०, रात्री दोनला १५०. एकूण ७५० मिली. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ५०० मिलीच्या आसपास दूध पुरतं. मी साडेसातशे देत होते आणि वर "पोरगी जेवतच नाही" म्हणून काळजी करत होते. पोट दुधानंच भरलं होतं, जेवणार कुठून?

यातला दुसरा धोका लवकर दिसत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि भरपूर दुधामुळं बाकीच्या अन्नातलं लोहही अंगी लागत नाही. गुटगुटीत दिसणारं बाळ आतून फिकं पडत जातं. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासून घेतलं तेव्हा हिमोग्लोबिन कमीच निघालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी आरोग्य केंद्रातून लोह आणि फॉलिक ॲसिडचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं असतं. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करा. मूल आधीच फिकट दिसत असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

४. फुलपात्रानं प्यायला शिकवा

बाटल्या कमी करायच्या आधी हे शिकवून घ्या. आधी बाटली काढून मग पेला पुढं केला तर बाळाच्या दृष्टीनं पेला म्हणजे शिक्षा.

दुपारची वेळ निवडा, बाळ ना फार भुकेलेलं, ना झोपाळलेलं. मांडीवर ताठ बसवा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. लाळेरं बांधा, मांडीवर पंचा पसरा. फुलपात्रात दोन चमचेच पाणी घ्या. जास्त घेतलं तर काठापर्यंत यायला भांडं कमी तिरकं करावं लागतं हे खरं, पण बाळानं हात मारला की सगळं अंगावर.

काठ खालच्या ओठावर अलगद टेकवा. हळूहळू इतकंच तिरकं करा की पाणी वरच्या ओठाला लागेल. आणि तिथं थांबा. ओतू नका. आपला हात आपोआप ओतायला जातो, तो धरून ठेवायला शिकावं लागतं. पाणी ओठाला लागलं की बाळ आधी जीभ बाहेर काढून चाटतं. मग कधीतरी वरचा ओठ काठावर खाली येतो आणि छोटा सुर्रर्र असा आवाज होतो. तो पहिला घोट. माझ्या मुलीनं तो घेतला आणि दचकून माझ्याकडं वळून बघितलं, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

पेला तिरका करून तसाच धरून ठेवायचा. घोट घेतल्यावर सरळ केला तर प्रत्येक वेळी बाळाला नव्यानं अंदाज घ्यावा लागतो. त्यानं तोंड वळवलं की मगच बाजूला घ्या. त्याचे दोन्ही हात भांड्याभोवती येऊ द्या आणि त्यावर तुमचा हात ठेवा. आठ-दहा दिवसांत तुमचा हात नुसता खाली आधाराला राहील.

सुरुवातीला पाणी, मग पातळ ताक, मग दूध, असा क्रम आम्हाला सोयीचा पडला. पाणी सांडलं तर मनाला काही वाटत नाही, दूध सांडलं की आपण नकळत ओतायला किंवा ओरडायला लागतो. ठसका लागला तर घाबरू नका, बाळाला पुढं वाकवा आणि खोकू द्या. आडवं झोपवून, झोळीत किंवा रडताना पेल्यानं पाजू नका.

रोज दोन वेळा, पाच मिनिटं. कंटाळलं की बंद.

५. दिवसाच्या बाटल्या एकेक करून काढा

सगळ्यात कमी लळा असलेली बाटली आधी काढायची. तुमच्या वहीत ती दिसेल. बहुतेक घरांत ती दुपारची असते, आणि रात्रीची सगळ्यात शेवटी. एक बाटली काढल्यावर निदान पाच-सहा दिवस दुसऱ्या बाटलीला हात लावू नका.

दुपारची काढताना आम्ही जेवण अर्धा तास अलीकडं आणलं. वरणभात तूप घालून पोटभर, वर फुलपात्रात चार घोट ताक, आणि मग झोळी. पहिले दोन दिवस ती झोळीतून हात बाहेर काढून बाटली मागत राहिली. तिसऱ्या दिवशी झोका देता देता झोपली.

सकाळची बाटली सोपी गेली, फक्त एक युक्ती करावी लागली. उठल्यावर तिला आमच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात न्यायचं, जिथं आजोबा चहा घेत बसलेले असायचे. त्यांच्या हातात कप, तिच्या हातात फुलपात्र. आजोबा "हं, घ्या" म्हणायचे, की दोघंही एकदम घोट घ्यायचे. बाळाला नक्कल करायची फार हौस असते. घरात जो माणूस शांतपणे बसून चहा पितो, त्याच्याकडं ही जबाबदारी द्या.

पेल्यातल्या दुधात साखर, गूळ किंवा चॉकलेटची पावडर घालून लाच देऊ नका. एकदा गोड लागलं की साधं दूध पीत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवायचासुद्धा नाही, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

६. रात्रीची बाटली

इथं आल्यावर बरेच जण माघार घेतात. आम्हीही घेतली असती.

आधी हे समजून घ्या की वर्षाच्या पुढच्या, दिवसा नीट जेवणाऱ्या बाळाला रात्रीची बाटली भुकेसाठी लागत नाही. झोप लागण्याची त्याची तीच एक रीत झालेली असते. म्हणून बाटली काढून तिथं काहीच दिलं नाही तर त्याला झोपायचं कसं तेच कळत नाही. बाटलीच्या जागी दुसरी रीत बसवायची, आणि ती बाटली चालू असतानाच बसवायला घ्यायची.

आमचं असं ठरलं. साडेसातला जेवण. आठला स्वयंपाकघरातच, दिवा चालू असताना, बसून फुलपात्रातून १०० मिली कोमट दूध. मग दात घासणं, ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. मग अंधार, गोधडी, पाठीवर थोपटणं आणि एकच अंगाई, रोज तीच. दात घासल्यावर पाण्याशिवाय तोंडात काही जायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगितला.

पहिला आठवडा हे सगळं करून शेवटी बाटली दिलीच. फक्त बाटलीतलं दूध कमी करत नेलं आणि पाणी वाढवलं. २२० मिलीत आधी पाव भाग पाणी, दोन रात्रींनी अर्धं, मग पाऊण, मग नुसतं पाणी. पाण्यासाठी रडण्यात तिलाही फार गोडी वाटली नाही. हे फक्त वर्षाच्या पुढच्या आणि दिवसभर व्यवस्थित जेवणाऱ्या मुलासाठी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पावडरच्या दुधात जास्तीचं पाणी कधीही घालू नका. पोषण कमी पडतं आणि अंगातल्या क्षारांचं प्रमाण बिघडून बाळाला झटकेसुद्धा येऊ शकतात.

मग बाटली बंद. पहिल्या रात्री चाळीस मिनिटं रडली. दुसऱ्या रात्री पंचावन्न. मी इथंच हरले असते, कारण मला वाटलं होतं दुसरी रात्र सोपी जाईल. आमच्या शेजारच्या काकूंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "दुसरी रात्र वाईट असती बघ, तिसरीला पोरं मानतात." तेवढ्या एका वाक्यावर मी ती रात्र काढली. तिसऱ्या रात्री वीस मिनिटं. पाचव्या रात्री अंगाई संपायच्या आत झोपली.

रडताना तिला एकटं ठेवलं नाही. जवळच पडून पाठीवर हात ठेवला होता. रात्री दोनला उठली की नवरा उठायचा, मी नाही. माझा वास आला की ती जास्त मागायची. तो फुलपात्रातून दोन घोट पाणी द्यायचा, थोपटायचा, बाकी काही बोलायचा नाही. तुमच्या घरात आजी, आत्या, बाबा, ज्यांच्याशी बाटलीची सवय जोडलेली नाही त्यांनी या चार-पाच रात्री घ्याव्यात.

निपलला कडुलिंब, कोरफड किंवा तिखट चोपडायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ते करू नका. तिखटानं तोंड भाजतं, डोळ्यात गेलं तर हाल होतात, आणि आपल्या माणसानं दिलेल्या घासावरचा बाळाचा विश्वास जातो. नंतर ते पेलाही नाकारतं. बाळाला झोळीत एकटं सोडून बाटली उशीला टेकवून ठेवणंही आजच बंद करा, बाकी काही नंतर केलं तरी चालेल. त्यात दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि आडवं पिण्यानं कान दुखण्याची शक्यताही वाढते.

७. घरातल्या मोठ्यांशी आधीच बोला

कोल्हापुरात हा टप्पा वगळून चालत नाही. हा गोकुळचा जिल्हा, तालमींचा गाव. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून देतात आणि माणसं उभ्या उभ्या पेला रिकामा करतात. दूध म्हणजे ताकद, हे इथं लहानपणापासून ऐकलेलं असतं. अशा घरात सूनबाई "दूध कमी करणार" म्हणाली की काय होतं ते मी बघितलंय.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुधावर तर पोर अंग धरतं. बाटली काढलीस तर खायचं काय तिनं?"

मी वही दाखवली. म्हटलं, "आई, साडेसातशे मिली दूध पितेय आणि रक्त कमी निघालंय. तुम्हीच सांगा, दूध कुठं मुरतंय?" त्या बराच वेळ वहीकडं बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नाचणी भिजत घातली.

वाद घालू नका, आकडे दाखवा आणि काम वाटून द्या. "तुम्ही तिला फुलपात्रानं शिकवा, माझ्याकडं ती नखरे करते" म्हटलं की मोठी माणसं मनापासून करतात. मुलीला पाळणाघरात ठेवत असाल तर तिथल्या ताईंनाही तेच फुलपात्र द्या आणि तारीख सांगा. एका जागी बाटली आणि दुसऱ्या जागी पेला असं चाललं तर महिने जातात.

धारोष्ण दूध बाळाला पाजायचा आग्रह झाला तर ठाम नाही म्हणा. बाळाचं दूध उकळलेलंच हवं.

८. दूध कमी होणार, तेव्हा ताटाकडं बघा

फुलपात्रानं मूल बाटलीइतकं दूध पीतच नाही. आमचं ७५० वरून ३०० वर आलं आणि तिथंच थांबलं. हे आधी माहीत असलं की धीर सुटत नाही. उरलेली जागा जेवणानं भरायची. दही-भात, ताक, पनीर, नाचणीची खीर किंवा आंबील यातून कॅल्शियम मिळतं. लोहासाठी पालेभाज्या, मूग-मसुरीचं वरण, अंडं, आणि खात असाल तर मटणाचा खिमा अगदी बारीक करून. वरणावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. तिखटाची फोडणी घालायच्या आधी तिचं वरण बाजूला काढायची सवय लावून घ्या.

दर महिन्याला वजन करा, अंगणवाडीत होतं. कार्डावरच्या आलेखातली रेघ वर जात असेल तर चिंता नको. पहिल्या आठवड्यात दूध अगदीच कमी गेलं तरी लघवी नीट होत असेल आणि मूल खेळत असेल तर वाट बघा. सहा-सात तास लघवी झाली नाही, तोंड कोरडं पडलं, मूल मलूल झालं, किंवा दोन महिने वजन वाढलं नाही, तर डॉक्टरांकडं जा.

९. बाटल्या घरातून काढा

"प्रवासाला असू दे एखादी" म्हणून ठेवलेली बाटली कधी ना कधी बाहेर येतेच. शेवटची बाटली सुटल्यावर आठवडाभर थांबून आम्ही सगळ्या बाटल्या, निपल, ब्रश एका पिशवीत घातले आणि टाकून दिले. दुसऱ्या कोणाच्या बाळासाठीही दिले नाहीत. वापरलेले निपल देऊ नयेत, आणि ज्या वस्तूनं आपल्याला एवढा त्रास झाला ती दुसऱ्याच्या घरी पाठवायची मला इच्छाही नव्हती. आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. मला हे फार उशिरा कळलं. आधी कळतं तर सुरुवातीलाच विचार केला असता.

जुलैच्या पावसात तिला ताप आला. मला धास्ती होती की आता बाटली मागेल. मागितली नाही, पण फुलपात्रही दोन दिवस ढकलून दिलं. तेव्हा चमच्यानं पाजत राहिले, दर दहा मिनिटांनी दोन-तीन चमचे, पाणी, पेज, थोडं दूध. आजारपणात पेला नको म्हणालं तर वाटी-चमचा घ्या, बाटली आणायला दुकानात जाऊ नका. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सकाळी आजोबांच्या शेजारी जाऊन बसली आणि मांडीवर हात आपटून भांडं मागायला लागली.